विचार करून सांगतो

अमेरिकेच्या प्रतिनिधी सभागृहाच्या समितीपुढे कुणी साक्षीला आलं, की प्रत्येक सदस्याला प्रश्न विचारायला पाच मिनिटं मिळतात. साक्षीदाराची उत्तरंही त्याच पाचांत बसवायची. बहुतेक सदस्य चार मिनिटं भाषण करतात आणि घड्याळ संपत आलं की विचारतात, "याबद्दल आपलं काय मत आहे?" समोर मोठ्या कंपनीचा प्रमुख असेल तर हा प्रश्न त्याला आंदणच मिळाला म्हणायचा. तो अगत्यानं आभार मानतो, विषय किती गंभीर आहे हे सांगतो आणि तेवढ्यात वेळ संपते.

या पाच मिनिटांचं एका बाईंनी काय केलं, ते आज थोडं तपशिलात सांगणार आहे. केटी पोर्टर २०१९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतून निवडून येऊन या सभागृहात बसल्या. मूळ पेशा प्राध्यापकीचा, विषय दिवाळखोरीचा कायदा. हार्वर्डला त्या, पुढे सिनेटर झालेल्या, एलिझाबेथ वॉरन यांच्या विद्यार्थिनी होत्या. २०१२ मध्ये घरकर्जांच्या गैरव्यवहारांवरून अमेरिकेतल्या पाच बड्या बँकांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली होती. कॅलिफोर्नियात बँका ती पाळतात की नाही यावर देखरेख ठेवायला त्यांचीच नेमणूक झाली होती. बँक कागदावर काय लिहून देते आणि काउंटरवर काय करते, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

१० एप्रिल २०१९ ला सात बड्या बँकांचे प्रमुख वित्त सेवा समितीपुढे ओळीनं बसले होते. त्यात जेपी मॉर्गन चेसचे जेमी डायमन. पोर्टरबाईंनी त्यांना एक हिशेब मांडून दाखवला. बाईंच्या मतदारसंघात, अर्व्हाइन गावात, डायमन यांच्याच बँकेत रोखपालाची जागा निघालेली, पगार ताशी साडेसोळा डॉलर. कर वजा जाता महिन्याला हातात २,४२५ डॉलर. समजा तिथे एक बाई लागली: पदरात सहा वर्षांची मुलगी, एका बेडरूमच्या घराचं भाडं १,६००, शाळा सुटल्यावर मुलीला सांभाळायचे ४५०. त्यात वीज, जुनी गाडी, किराणा, सगळ्यात स्वस्त फोन. महिन्याअखेरीस तूट ५६७ डॉलर. आता प्रश्न: पूर्णवेळ तुमच्याकडे काम करणाऱ्या या बाईनं ही तूट भरायची कशी?

डायमन आधी म्हणाले, तुमचे सगळे आकडे बरोबर असतीलच असं नाही. मग म्हणाले, ही सुरुवातीची नोकरी आहे, पुढेमागे ती माझ्या जागेवरही येईल. पोर्टरबाई म्हणाल्या, येईलही, पण तुमचे ३ कोटी १० लाख डॉलर आज तिच्या हातात नाहीत. तो डायमन यांचा वर्षाचा मोबदला. मग त्यांनी पर्यायच पुढे ठेवले. तुमच्या बँकेचं क्रेडिट कार्ड घेऊन तिनं तूट ओढत राहावं का? "मला विचार करावा लागेल." मग खात्यात नसलेले पैसे काढून तुम्हाला दंड भरावा का? "मला विचार करावा लागेल."

इथे थोडं थांबतो, कारण कसब इथेच आहे. उत्तर काहीही आलं असतं तरी डायमन यांना ते महागात पडलं असतं. 'हो' म्हणाले तर आपल्याच कर्मचाऱ्याला कर्जात लोटतात, 'नाही' म्हणाले तर पगार कमी आहे हे कबूल होतं. राहिला नरो वा कुंजरो वा. तोही पोर्टरबाईंना हवाच होता, कारण देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेच्या प्रमुखाला आपल्याच रोखपालाचा महिन्याचा हिशेब जुळवता येत नाही, हे आता त्याच्याच तोंडून आलं होतं. कोर्टात उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला हे नवं नाही. उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारू नये, हे त्याला पहिल्या वर्षीच शिकवतात. विधिमंडळातल्या माणसाला मात्र हे कुणी शिकवत नाही, आणि बऱ्याच जणांना आपण प्रश्न विचारायला बसलोय याचाही विसर पडतो.

पोर्टरबाईंचा आवडता डाव दुसराच होता. समोरच्याचं तोंडचं बोलणं एका हातात आणि त्याच्याच वकिलांनी कोर्टात लिहून दिलेलं दुसऱ्या हातात. इक्विफॅक्स ही पत मोजणारी कंपनी. २०१७ मध्ये तिच्याकडची जवळपास १५ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. तिच्या प्रमुखांना बाईंनी विचारलं, तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (आपल्या आधारसारखा) आणि जन्मतारीख आत्ता इथे सगळ्यांसमोर सांगाल का? ते म्हणाले, नको, दुरुपयोग होईल. मग तुमचे वकील कोर्टात 'यानं लोकांचं नुकसान झालं नाही' असं का सांगतायत? वेल्स फार्गो बँकेचे प्रमुख टिम स्लोन यांनी ग्राहकांचा विश्वास पुन्हा मिळवण्याच्या गोष्टी जाहीरपणे केल्या होत्या. त्यांच्या वकिलांनी मात्र कोर्टात लिहून दिलेलं, की ही विधानं म्हणजे कंपन्या मारतात तसल्या बढाया, कोणताही शहाणा गुंतवणूकदार त्यांवर विसंबणार नाही. ते वाक्य बाईंनी त्यांच्यासमोर वाचलं. ही साक्ष १२ मार्च २०१९ ची, आणि २८ मार्चला स्लोन पदावरून दूर झाले. एका प्रश्नानं ते गेले असं मी म्हणणार नाही. ग्राहकांच्या नावानं परस्पर उघडलेल्या खोट्या खात्यांचं प्रकरण त्या बँकेला कितीतरी आधीपासून भोवत होतं.

बाईंचे सगळेच प्रसंग मला थोर वाटत नाहीत. गृहनिर्माण मंत्री बेन कार्सन यांना त्यांनी जप्तीत बँकेकडे आलेल्या घरांविषयी विचारलं. त्या व्यवहारातलं अगदी रोजचं इंग्रजी संक्षिप्त नाव, आरईओ, मंत्रिमहोदयांना ऑरिओ बिस्किटासारखं ऐकू आलं. देशभर हशा झाला. मंत्र्यांनी नंतर बाईंना ऑरिओचा डबा धाडला, तोही गाजला. मूळ प्रश्न सरकारी हमीच्या कर्जांतली घरं जास्त प्रमाणात जप्त का होतात, हा होता. तो बिस्किटाच्या डब्याखाली गेला. कॅमेऱ्यापुढे चालणाऱ्या सुनावणीचा हा तोटा आहेच.

पण त्याच कॅमेऱ्यापुढे १२ मार्च २०२० चा प्रसंगही घडला. आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाला महासाथ म्हटलं होतं. रोगनियंत्रण केंद्राचे प्रमुख रॉबर्ट रेडफिल्ड साक्षीला होते. बाईंनी पांढऱ्या फळ्यावर विमा नसलेल्या माणसाच्या तपासणीचा खर्च लिहीत नेला: रक्ताच्या चाचण्या ३६ आणि ५८ डॉलर, फ्लूच्या दोन चाचण्या प्रत्येकी ४३, आपत्कालीन विभागात जाण्याचे १,१५१. बेरीज १,३३१. मग त्यांनी नियमाचा क्रमांक सांगितला. या नियमाखाली चाचणी आणि उपचारांचा खर्च सरकारनं उचलायचा अधिकार तुमच्याकडे आहे. वापरणार का? हो की नाही? रेडफिल्ड म्हणाले, आम्ही तपासून पाहतो. बाई म्हणाल्या, आठवड्यापूर्वीच मी तुम्हाला याबद्दल पत्र पाठवलंय. पुन्हा आडवळण, पुन्हा तोच प्रश्न. शेवटी रेडफिल्ड म्हणाले, तुम्ही प्रश्न फार उत्तम विचारता, तेव्हा माझं उत्तर 'हो'.

यात फळ्याचं कौतुक फार झालं. मला ते आधी गेलेलं पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. 'माहिती घेऊन कळवतो' ही पळवाट पत्रानं आधीच बुजवली होती.

आता आपल्याकडे या. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या आपल्या लोकलेखा समितीत बावीस खासदार असतात, लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधकांकडे द्यायचा पायंडा आहे. त्या परंपरेतले पहिले आपल्या मुंबईचे मिनू मसानी. समितीला कागद मागवता येतात, माणसं बोलावता येतात, शपथही देता येते. पण समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. याला कारणं आहेत आणि ती फालतू नाहीत. दार बंद असलं की पक्षाची झूल थोडी उतरते, सचिव जरा मोकळा बोलतो, आणि सत्ताधारी खासदारही कधीकधी अडचणीचं विचारून जातो. ऑरिओचा तमाशा तिथे होत नाही.

मात्र आपल्या हाती काय येतं? शीतपेयांतल्या कीटकनाशकांच्या अंशांवर २००३ मध्ये शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. कुणी काय विचारलं, कोण कुठे अडखळलं, हे आपण पाहिलं नाही. २००४ च्या फेब्रुवारीत आला तो अहवाल. नोटाबंदीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल वित्त स्थायी समितीपुढे गेले. एका अडचणीच्या प्रश्नावर खुद्द मनमोहन सिंगांनी, तेही रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, पटेलांना 'उत्तर देऊ नका' असं सुचवल्याचं वर्तमानपत्रांत आलं. तो प्रश्न आणि तो सल्ला दोन्ही आपल्यापर्यंत पोचले ते असे, कुणीतरी बाहेर येऊन सांगितल्यामुळे.

डायमन यांची साक्ष आपल्या एखाद्या समितीपुढे झाली असती तर अहवालात काय छापलं गेलं असतं, याची कल्पना करा. 'वेतनासंबंधी विचारणा केली असता साक्षीदारांनी या बाबीचा विचार करण्याचे मान्य केले.' वाक्य खोटं नाही. पण एकाच माणसानं लागोपाठ टाळाटाळ केली, आणि प्रत्येक वेळी समोरच्या पर्यायावर केली, हे त्यात कुठेच उरत नाही. टाळाटाळ गोळीबंद सारांशात मावत नाही, ती शब्दशः वाचावी लागते.

उद्यापासून कॅमेरे लावा, असं मी म्हणत नाही. पण शब्दशः साक्ष छापायला नवा कायदा लागत नाही. समितीपुढची साक्ष, सगळी किंवा काही भाग, सभागृहाच्या पटलावर ठेवायला सांगण्याचा अधिकार लोकसभेच्या नियम २७५ नं समितीला दिलेलाच आहे. विधेयकांवरच्या संयुक्त समित्यांपुढच्या साक्षींचे खंड पूर्वी छापले जात. जुन्या ग्रंथालयांत ते अजून सापडतात, प्रश्न विचारणाऱ्या खासदाराच्या नावासकट. आपल्या मतदारसंघाचा खासदार एखाद्या समितीवर असेल, आणि बहुतेक असतोच, तर पुढच्या वेळी तो गावात आला की त्याला एवढंच विचारा: समितीत शेवटचा साक्षीदार कोण होता, आणि त्याला तुम्ही काय विचारलंत?