धोटे दिल्लीत गेले तेव्हा

आता वेगळ्या विदर्भाचे नेते जांबुवंतराव धोटेंचं नाव काढलं की नागपुरात समोरचा पहिलं काय म्हणते? "पेपरवेटवाले ना?" बस. पाच वेळा आमदार-खासदार झालेला असो की दहा वेळा, आपल्याकडे माणूस एका वस्तूत बसवून टाकतात.

तर ते पेपरवेट. १९६४ साल, यवतमाळचा तरणाबांड आमदार, विधानसभा अध्यक्षांच्या खुर्चीत बाळासाहेब भारदे, गांधीवादी, संतसाहित्यात रमणारा मृदू माणूस, आणि त्यांच्या दिशेनं हे भिरकावलं गेलं. मी ही गोष्ट इतक्या तोंडून ऐकली आहे की दर वेळी त्याचं वजन वाढलेलं असते, कोणी म्हणते दौत होती, कोणी म्हणते अख्खी फाईल. अहो पेपरवेटच, आपल्या कचेरीत मे महिन्यात पंखा फुल ठेवला की कागदांवर दाबायला असते ना, ते. (मागे हसू नका, तुमच्यापैकी अर्धे सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, दोन-तीन तर घरी घेऊन गेले असतील!) सदस्यत्व गेलं. पण यवतमाळकरांनी पोटनिवडणुकीत त्यांनाच परत पाठवलं, हे मात्र कोणी सांगत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी त्यांनी केलेलं आंदोलनही नाही सांगत. १९६९ ला विद्यापीठ उभं राहिलं ते काय मुंबईनं प्रेमानं दिलं?

संयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली म्हणतात. धोटे दिल्लीत काऊन गेले, हा मूळ विषय राहिलाच की बाप्पा.

भराभर सांगतो. १९७१, इंदिरा लाट, आणि नागपूरकर फॉरवर्ड ब्लॉक पक्षाच्या धोटेंना लोकसभेत पाठवतात. लोक विचारतात, वेगळा विदर्भ पाहिजे तर मुंबई सोडून दिल्ली काऊन? माझं म्हणणं, माणूस बरोबर पत्त्यावर गेला. घटनेचं कलम ३ पहा, नवं राज्य संसद करते, विधानसभेचं फक्त मत मागवतात आणि ते बंधनकारक नाही. आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणाचं बिल फेटाळलं तरी २०१४ ला राज्य झालंच ना. पण असं बिल राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही, म्हणजे सरकारचीच मर्जी पाहिजे. मग १९८० ला धोटे इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर नागपुरातूनच निवडून आले, तेव्हा आपले लोक म्हणाले विकले गेले. मला तसं नाही वाटत. एकट्यानं विरोधात बसून पाहिलं, मग सत्तेच्या बाकावर बसून पाहिलं, दोन्हीकडून विदर्भाचं बिल आलं नाही. २००२ मध्ये विदर्भ जनता काँग्रेस काढली, पण तोवर गर्दी पांगली होती. २०१७ ला गेले.

१९५५ ला फाझल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगानं विदर्भ वेगळा करा म्हटलं होतं, त्यावर बोलायचं होतं, ते राहिलं. खाली चहा आहे, तिथे भांडू.