रिकाम्या कळशा

नमस्कार, श्रोतेहो.

गेटवेहून घारापुरीला लाँचनं जायला साधारण तासभर लागतो. गेली १९ वर्षं मी परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवते. लेणी पुढं येतातच, पण पाहुणे मनात काय घेऊन आलेत, ते या तासाभरातच कळतं. कुणी विचारतं, तुमचं लग्न तुम्हाला न विचारता ठरवलं का? कुणाला वाटतं, मी रोज पहाटे उठून ध्यानाला बसत असेन. मी लालबागची, वडील गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या घरी पहाटे भोंगा ऐकू यायचा.

धक्क्यावर उतरून पायऱ्यांकडे निघालं, की बेटावरच्या काही बायका नऊवारी नेसून, डोक्यावर दोन-तीन पितळी कळशा रचून उभ्या असतात. पाहुणे थांबतात, फोटो काढतात, पैसे देतात. पुष्कळांना वाटतं, या पाणी भरून घरी निघाल्यात. कळशा रिकाम्या असतात. त्यांच्यातल्या एका मावशींना मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, पाणी का कुणी असं आणतं? पण एका कळशीचा फोटो काढतंय कोण!"

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. मावशींना मी बोल लावणार नाही. बेटावर कामधंदा थोडा, आणि समुद्राखालून केबल टाकून वीज आली तीच मुळी फेब्रुवारी २०१८ मध्ये. मला बोलायचंय ते समोरच्या नजरेबद्दल. ती आपलं चित्र घरूनच काढून आणते, आणि इथं येऊन त्यात बसणारं माणूस शोधते.

ही सवय जुनी आहे. वर्थेमा नावाचा इटालियन प्रवासी कालिकतला आला होता. तिथल्या राजाच्या देवघरातल्या मूर्तीचं वर्णन त्यानं चक्क सैतान म्हणून केलं, आणि ते पुस्तक १५१० मध्ये छापलं गेलं. पाच वर्षांनी जर्मन आवृत्ती निघाली, तिच्यासाठी त्या मूर्तीचं चित्र काढलं ऑग्सबर्गच्या एका चित्रकारानं. त्यानं मूर्ती पाहिली नव्हती. त्याच्या ओळखीचा होता तो त्याच्या धर्मचित्रांतला शिंगवाला सैतान, तोच त्यानं काढला. अशी पुस्तकं वाचून निघालेला माणूस अनेक हातांच्या, अनेक मुखांच्या मूर्तीसमोर आला, तर त्याला काय दिसणार? घारापुरीच्या सदाशिवासमोर मी पाहुण्यांना काही वेळ काहीच सांगत नाही. डावीकडचा रागावलेला अघोर, मधला शांत तत्पुरुष, उजवीकडचा कोमल वामदेव, हे त्यांचं त्यांना आधी दिसू दे, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपल्या मुंबईतली एक गोष्ट ऐका. विल्यम जॉन्सन नावाचा छायाचित्रकार इथं काम करत होता. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड त्यानं १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. माणसांचे फोटो तो एकीकडे घ्यायचा, देखाव्याचे दुसरीकडे, आणि मग माणसं कापून त्या देखाव्यावर चिकटवायचा. म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं, ही मंडळी अशीच त्या जागी उभी होती. सोबतचा मजकूर जातीची माहिती देणारा. समोर उभ्या राहिलेल्या बाईनं त्या दिवशी घरून निघताना काय केलं असेल, तिला लेकरं किती, तिचं नाव काय, याची त्या कामात कुणाला गरज नव्हती. ती बाई नव्हती, नमुना होती.

आता दुसरा एक फोटो. तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर, बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय. तिथं शिकणाऱ्या तिघीजणी शेजारी शेजारी बसल्यात: आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली त्यांच्याकडच्या पोशाखात. इथंही मुद्दाम देशोदेशीचे पोशाख आहेत, हे मला दिसतं. पण या फोटोखाली तिघींची नावं आहेत, गावं आहेत, आणि नावाआधी डॉक्टर लावलेलं आहे. मी हा फोटो फोनमध्ये ठेवलाय. लाँचवर कुणी भारतीय बाईबद्दल ठाम मत मांडायला लागलं, की आधी तो दाखवते.

नाव नसलं की काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. जपानशी युद्ध पेटल्यावर १९४२ मध्ये अमेरिकेनं जपानी वंशाच्या जवळपास १,२०,००० माणसांना घरादारातून उचलून छावण्यांत टाकलं. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. पुढं १९६६ मध्ये एका अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं वृत्तपत्रात लेख लिहून त्याच जपानी अमेरिकनांना कष्टाळूपणाचा आदर्श ठरवलं. पंचवीस वर्षंही झाली नव्हती. कालचे धोकादायक आज गुणी, आणि दोन्ही वेळा ठरवणारे दुसरेच. "आशियाई मुलं गणितात हुशारच असतात" हे कौतुक मला म्हणूनच गोड लागत नाही.

१९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला दोघांनी बॅटनं मारून ठार केलं. जपानी गाड्यांमुळे तिथल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या जात होत्या, तो राग. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकन होता. त्याचं लग्न काही दिवसांवर आलं होतं. मारणाऱ्यांना न्यायाधीशांनी तीन वर्षांची देखरेख आणि ३,००० डॉलर दंड सुनावला, तुरुंगवास नाही. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेतल्याच अॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी आपल्या पेट्रोल पंपासमोर फुलझाडं लावत होते. पगडी आणि दाढी बघून एकानं त्यांना गोळ्या घातल्या. मारणाऱ्यासमोर चिन नव्हता, सोधी नव्हते. डोक्यातलं चित्र होतं.

हे सगळं पाहुण्यांना सांगताना माझा आवाज चढतो. पण आपलं काय, हे मला मणिपूरच्या एका मुलीनं शिकवलं. ती लाँचवर माझ्या गटात होती. वाटेत दोन मराठी मुलं तिच्याकडे बघून "चायना, चायना" करत हसली. मला ऐकू आलं होतं. मी गप्प बसले, कारण मला लेण्यांची वेळ गाठायची होती. त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही.

माझगावात एका घराच्या वरच्या मजल्यावर १९१९ सालचं चिनी मंदिर आहे. मुंबईतले चिनी लोक तिथं दर्शनाला येत आलेत. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याच सरकारनं चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. बरेचसे आसाम-बंगालकडचे, आणि कितीतरी तिथंच जन्मलेले. शाळेत आम्हाला त्या युद्धातल्या खिंडी पाठ होत्या, देवळी कुणी सांगितली नाही.

मागच्या हिवाळ्यात कॅनडाचा एक तरुण आला होता. त्यानं मावशींचा कळशांसकट फोटो काढला, पैसे दिले, आणि निघणार तेवढ्यात मी त्याला म्हटलं, थांब, त्यांना नाव विचार. तो ओशाळला, पण विचारलंन्. मावशींनी नाव सांगितलं. ते मी रेडिओवर सांगत नाही, ते त्यांचं आहे. मग कळशा खाली उतरवून त्या मला म्हणाल्या, "आता त्याला विचार, त्याची आय काय करते?"

त्याची आई शाळेची बस चालवते. मावशींनी ते दोनदा विचारून खात्री केली, टोपलीतली काकडी चिरून तिखट-मीठ लावलं, आणि त्याच्या हातात देत म्हणाल्या, "एवढी मोठी बस? एकटी?"