वाशिष्ठीच्या खोऱ्यातलं पाणी

हा कुंभार्ली घाट. खाली चिपळूण. चिपळूणहून वळणं घेत गेलेली वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. घाटमाथ्यापासून समुद्र सरळ रेषेत फार तर पन्नास-साठ किलोमीटर. कोकणातल्या नद्यांना एवढीच जमीन मिळते.

जूनमध्ये नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरची वाफ घेऊन येतात. सुपारीच्या बागा, भातखाचरं ओलांडून सह्याद्रीच्या कड्यांना भिडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच कोसळतात. किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तर आंबोलीत सात हजारांच्या आसपास. माथा ओलांडून वाईत उतरलात की हजारसुद्धा भरत नाही.

मग एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात इथल्या वाड्यांवर टँकर का येतो?

उत्तर पायाखाली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून हा काळा कातळ झाला. तो पाणी सहजी आत घेत नाही. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, जांभा आहे. तो सच्छिद्र, पाऊस भरपूर पितो, पण धरून ठेवत नाही, उतारावरच्या झऱ्यांतून सोडून देतो. त्यात नदीला उतार इतका, की पाणी मुरायला सवड नाही. गणपतीत दुथडी भरून वाहणाऱ्या वहाळात शिमग्याला नुसते गोटे उरतात.

याच घाईची दुसरी बाजू चिपळूणने २२ जुलै २०२१ला सोसली. घाटमाथ्यावर अतिवृष्टी, खाली सपाटीवर मंदावलेली नदी, त्यात खाडीला भरती. पाण्याला पुढे वाट मिळेना. बाजारपेठ बुडाली, माणसं माळ्यांवर, छपरांवर अडकली.

वाशिष्ठी मात्र उन्हाळ्यातही वाहती दिसते. ते पाणी तिचं स्वतःचं नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी खरं तर बंगालच्या उपसागराकडे जायचं. धरणातून ते बोगद्यांनी डोंगराच्या पोटात आणलं जातं, पोफळीच्या भूमिगत वीजघरात जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीत येतं. शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांच्या वाट्याला असं पाणी नाही.

म्हणून आम्हाला मोठ्या धरणांइतकंच मोल वनराई बंधाऱ्यांचं वाटतं. पाऊस सरला, की गावकरी रिकाम्या पोत्यांत माती भरून ती वहाळात आडवी रचतात. पाणी तुंबतं, शेजारच्या विहिरींना मुरवण मिळते, कुळथाला, भाजीला ओल राहते. पहिल्या पुरात बंधारा वाहून जातो. पुढच्या कार्तिकात पुन्हा पोती भरायची, आणि त्यासाठी वाडीतली माणसं गावात असायला हवीत.