छोट्या वर्तमानपत्रांपर्यंत पुरस्कार का पोहोचत नाहीत?

(दृश्य: मक्याची लांबच लांब शेतं, मागे तळं आणि तळ्याकाठचं गाव)

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं हे स्टॉर्म लेक. वस्ती दहा-अकरा हजारांची. शेती आणि मांसप्रक्रियेचे कारखाने यांवरच गाव जगतं. इथून आठवड्यातून दोनदा निघणारं 'स्टॉर्म लेक टाइम्स' 2017 साली सुमारे 3,000 प्रती खपवत होतं. संपादक आर्ट कलन, प्रकाशक त्यांचा भाऊ जॉन, वार्ताहर आर्ट यांचा मुलगा टॉम आणि कॅमेरा आर्ट यांच्या पत्नी डोलोरेस यांच्या हातात होता.

2015 मध्ये दिमॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेनं नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांवर, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांवर, दावा ठोकला. शेतातलं नायट्रेट रॅकून नदीत उतरतं आणि ते काढायचा खर्च शहराच्या माथी बसतो, हे त्यांचं म्हणणं. तीनपैकी एक काउंटी स्टॉर्म लेकचीच. काउंट्यांनी नामांकित वकील उभे केले. त्यांची बिलं भरतंय कोण? कलन बापलेकांनी हा एकच प्रश्न लावून धरला. पैसा शेतीउद्योगाकडून येत होता आणि देणाऱ्यांची नावं गुलदस्त्यात होती. ज्या गावाची चूल शेतीवर पेटते, तिथे हा प्रश्न छापायचा म्हणजे जाहिरातदार आणि वर्गणीदार दोघांचा रोष ओढवून घ्यायचा.

अग्रलेखांसाठीचं 2017 चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं बक्षीस, आर्ट कलन यांना मिळालं. अंतिम यादीत त्यांच्यासोबत 'वॉशिंग्टन पोस्ट'चे फ्रेड हायट आणि 'ह्यूस्टन क्रॉनिकल'चे जो हॉली होते.

मग छोट्यांवर अन्याय होतो म्हणायचं कशाला? मोठ्या पत्रांना मागे टाकून तीन हजार खपाचं पत्र जिंकलंच की. पुरस्कार देणाऱ्या संस्थाही असंच उत्तर देतात. परीक्षकांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. टेबलावर आलेलं काम ते मनापासून वाचतात. पण टेबलावर काय येतं आणि काय येऊच शकत नाही, हे आपण फारसं बघत नाही.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो, नॉर्थ कॅरोलिनातलं एक छोटं गाव)

1950 च्या जुलैमध्ये टेबर सिटी गावातून कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवाद्यांच्या दहशतवादी संघटनेच्या गाड्यांचा ताफा गेला. होरेस कार्टर तिथे 'टेबर सिटी ट्रिब्यून' हे साप्ताहिक चालवत होते. त्यांनी लगेच क्लानच्या विरोधात अग्रलेख लिहिला आणि मग थांबलेच नाहीत. पुढची तीन वर्षं बातम्या आणि अग्रलेख चालूच राहिले. धमक्या आल्या, जाहिराती तुटल्या. शेजारच्या व्हाइटव्हिलमध्ये 'न्यूज रिपोर्टर'चे विलर्ड कोल याच लढ्यात उतरले. शंभरहून जास्त क्लानवाल्यांना शिक्षा झाली आणि 1953 चं लोकसेवेचं पुलित्झर या दोन्ही पत्रांना मिळालं. आर्थिक नुकसान आणि जिवाचा धोका पत्करून स्वतःच्या उंबऱ्यावर लढलेली मोहीम, असा मानपत्राचा आशय होता.

उंबरा हाच इथे सगळ्यात महत्त्वाचा. शहरातला शोधपत्रकार येतो, बातमी करतो, परत जातो. कार्टर यांना ज्याच्याविरुद्ध लिहिलं, त्याच्याच दुकानात दुसऱ्या दिवशी किराणा घ्यायला जावं लागण्याची शक्यता होती. आणि त्यांचा लढा कुठल्याही एका अंकात मावणारा नव्हता. आठवड्यामागून आठवडा तोच विषय, कधी पहिल्या पानावर, कधी आत कोपऱ्यात. वर्षभराच्या अंकांची फाईल उलटल्याशिवाय या कामाचं वजन कळत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

(दृश्य: एसटी स्टँड, पेपरचा स्टॉल, दोरीला अडकवलेले अंक)

केंद्राच्या जाहिरात धोरणात 25,000 प्रतींपर्यंतचं पत्र लहान, 75,000 पर्यंतचं मध्यम, त्यापुढचं मोठं, अशी वर्गवारी वर्षानुवर्षं चालत आली. जाहिरातीचा दर ठरवताना आकार मोजला जातो. पुरस्कार देताना मात्र आकाराचा विचार क्वचितच होतो. महाराष्ट्र शासनाच्या पुरस्कारांत विभाग केलेत, ही चांगली गोष्ट. नाशिक विभागाला दादासाहेब पोतनीस, मराठवाड्याला अनंतराव भालेराव, कोल्हापूरला ग. गो. जाधव यांचं नाव आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रं उभी करणारी ही माणसं. पण एकाच विभागात साखळी दैनिकाचा पूर्णवेळ बातमीदार आणि तालुक्याच्या साप्ताहिकाचा संपादक समोरासमोर येतात. देशपातळीवर रामनाथ गोएंका पुरस्कारांत हिंदीला वेगळा विभाग आहे. मराठी, तमिळ, मल्याळम, आसामी सगळ्या 'प्रादेशिक भाषा' या एकाच रांगेत.

तालुक्याच्या साप्ताहिकाचा दिवस कसा असतो, ते जवळून बघा. सकाळी पंचायत समितीत चक्कर. दुपारी वकिलांकडून जाहीर नोटीस आणायची, कारण त्या नोटिसांवरच छपाईचं बिल निघतं. संध्याकाळी पानं लावायची. अंक आला की पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवून गठ्ठे पोस्टात. मोठ्या दैनिकाच्या तालुका प्रतिनिधीची गत फार वेगळी नाही. मानधन तुटपुंजं, आणि वर्धापनदिनाची पुरवणी आली की बातम्या बाजूला ठेवून जाहिराती गोळा करत हिंडायचं. ज्या सरपंचाविरुद्ध गेल्या महिन्यात लिहिलं, त्याच्याच दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला उभं राहायचं.

या माणसानं प्रवेशिका कधी भरायची? कात्रणं लावायची, बातमीचा परिणाम काय झाला ते लिहायचं, इंग्रजी पुरस्कार असेल तर भाषांतर करायचं. मोठ्या संस्थांत या कामाला माणसं असतात. पुलित्झरची प्रवेशिकाच 75 डॉलरची. दरवाजा सगळ्यांना उघडा असतो हे खरं, पण दरवाजापर्यंत जायला अर्धा दिवस रिकामा लागतो आणि तो यांच्याकडे नसतो.

मला आणखी एक गोष्ट जास्त खुपते. तालुक्यात बातमी आधी छोट्या पत्रात येते. चार ओळींची, कधी फोटोशिवाय. सहा महिन्यांनी शहरातून पथक येतं, त्याच माणसाला गाडीत बसवून गावं फिरतं, आकडे जमवतं, सुरेख मालिका करतं. पुरस्कार मालिकेला मिळतो आणि गाव दाखवणाऱ्याचं नाव आभारातही येत नाही.

आणि धोका? तो कुणी वाटून घेत नाही. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीनं धडक दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. 'महानगरी टाइम्स'साठी ते बारसू रिफायनरीविरोधी आंदोलन आणि तिथले जमिनीचे व्यवहार यांवर लिहीत होते. ज्याच्याविषयीची बातमी त्याच दिवशीच्या अंकात होती, तोच या खुनाच्या गुन्ह्यात आरोपी आहे. वारिशे हे नाव महाराष्ट्राला त्यांच्या मृत्यूनंतर कळलं.

(दृश्य: चित्रकूटची वाट, सायकलवर अंकांचा गठ्ठा)

पुरस्कारानं छोट्या पत्रांकडे नजर वळवली तर काय होतं, याचं उदाहरणही आपल्याच देशात आहे. उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 मध्ये 'खबर लहरिया' सुरू झालं. बुंदेली भाषा, आणि चालवणाऱ्या गावातल्याच बाया, त्यात दलित बायका मोठ्या संख्येनं. 2004 मध्ये महिला पत्रकारांसाठीचा चमेली देवी जैन पुरस्कार या गटाला मिळाला. तो मिळाला तेव्हा हे पत्र दोनच वर्षांचं होतं. दिल्लीतली नामांकित नावं सोडून परीक्षक इथवर पाहू शकले, कारण त्यांनी पाहायचं ठरवलं होतं.

पण नुसत्या मानचिन्हानं पत्र जगत नाही, हेही बोललं पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनचं 'गॅझेट-मेल'. तिथे एरिक आयर यांनी औषध वितरकांचा हिशेब मांडला. सहा वर्षांत 78 कोटी वेदनाशामक गोळ्या त्या एका छोट्या राज्यात ओतल्या गेल्या होत्या. कर्मिट नावाच्या 392 वस्तीच्या गावात एकाच औषध दुकानात दोन वर्षांत जवळजवळ 90 लाख गोळ्या. दडवलेली कागदपत्रं खुली करून घ्यायला वर्तमानपत्र कोर्टात गेलं. 2017 चं शोधपत्रकारितेचं पुलित्झर मिळालं आणि जानेवारी 2018 मध्ये या पत्रानं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ते विकलं गेलं.

त्याआधी 2015 मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'डेली ब्रीझ'ला स्थानिक वार्तांकनाचं पुलित्झर मिळालं. एका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या अधीक्षकाची बेसुमार कमाई त्यांनी उघडी पाडली होती. बक्षीस जाहीर झालं तेव्हा त्यातला एक वार्ताहर, रॉब कुझनिया, पत्रकारिता सोडून जनसंपर्काच्या नोकरीला लागलेला होता. घरभाडं परवडत नव्हतं.

(दृश्य: जिल्हा ग्रंथालय, कापडी बांधणीच्या जुन्या फाइली)

मग करायचं काय? अमेरिकेत शोधपत्रकारांची 'आयआरई' ही संघटना छापील आणि ऑनलाइन पत्रांच्या पुरस्कारांत आकारानुसार वेगळे गट करते. आपल्याकडे ही सोय करायला कुणाची परवानगी लागत नाही. जिल्हा पत्रकार संघ पुढच्याच वर्षी करू शकतात. बातमी आधी कुणी दिली, हा रकाना प्रवेशिकेत सक्तीचा करावा आणि त्या माणसाचं नाव पुरस्कारात यावं. रकमेतला वाटा पत्राच्या छपाईला किंवा कोर्टाच्या खर्चाला जावा.

आणि एक पुरस्कार तरी फाईलसाठी ठेवावा. प्रवेशिका नाही, कात्रणं नाहीत. परीक्षकांनी तालुक्याच्या वाचनालयात जावं, एका साप्ताहिकाचे वर्षभराचे 52 अंक मागवावेत आणि पाणीटंचाईच्या चार ओळींच्या बातमीचा पाठपुरावा पुढे किती अंक चालला, ते बोट ठेवून मोजावं. 'दर्पण'चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 चा, म्हणून आपण 6 जानेवारीला पत्रकार दिन पाळतो. त्या दिवशीचे हार आणि भाषणं उरकल्यावर ग्रंथालयं उघडी असतात. तिथूनच सुरुवात करता येईल.