पेसमेकर बसवला, पण त्याचं सेटिंग कुणी पाहिलं?

नमस्कार. हा कागद बघा. माझ्या बाबांच्या पेसमेकरच्या तपासणीचा. माझं बोट आहे तिथे लिहिलंय: खालच्या कप्प्याचं पेसिंग, 98 टक्के. म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याचे शंभरातले 98 ठोके यंत्र देत होतं. वर्षभर हा कागद आमच्या डिचोलीच्या घरी फाईलमध्ये पडून होता. बॅटरी चांगली आहे एवढं ऐकून आम्ही निश्चिंत झालो होतो. त्या चवथीला मात्र दोन आरत्यांतच बाबांनी वाजवायचं घुमट, आमचं आरतीचं वाद्य, खाली ठेवलं. धाप लागली होती, छातीत धडधडत होतं.

बाबांच्या हृदयात ठोका जिथून सुटतो ती वरची गाठ मंद झाली होती. वरून खाली संदेश नेणारी वाट मात्र धडधाकट होती. वरच्या कप्प्याला पेसमेकरच्या तारेने ठोका दिला की खालचा आपणहून आवळला असता. पण वरच्या ठोक्यानंतर किती मिलिसेकंद थांबायचं, हे पेसमेकरमध्ये भरलेलं असतं. ती मुदत कमी होती. त्यामुळे हृदयाचा स्वतःचा संदेश पोचायच्या आधीच यंत्र खाली ठोका देऊन मोकळं!

यात बिघडतं काय? हृदयाचा स्वतःचा संदेश आतल्या वाटांनी धावतो, डावी-उजवी बाजू एकदम आवळते. तारेचा ठोका उजवीकडून स्नायूतून सरकत जातो आणि डावी बाजू मागे पडते. घुमट आणि शामेळ या दोन वाद्यांचा ताल सुटला की आरती कशी होते, अगदी तसं. त्याचा ताण वरच्या कप्प्यावर येतो, तो फुगतो आणि थरथरू लागतो. हेच एट्रियल फिब्रिलेशन. तिथे रक्त साकळलं आणि गुठळी मेंदूत गेली, तर पक्षाघात.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाबांसारखाच आजार असलेले 1065 रुग्ण होते. नेहमीच्या सेटिंगवर 12.7 टक्के रुग्णांना टिकून राहणारं फिब्रिलेशन झालं. खालचं पेसिंग कमीत कमी ठेवलं, त्यांच्यात 7.9 टक्के. म्हणजे धोका संपला नाही, पण बराच उतरला.

नंतर दाखवलेल्या डॉक्टरबाईंनी प्रोग्रामरचं, म्हणजे पेसमेकरचं सेटिंग वाचणाऱ्या-बदलणाऱ्या यंत्राचं, टोक शर्टावरूनच बाबांच्या छातीवर ठेवलं आणि सेटिंग बदललं. ना सुई, ना टाका. तीन महिन्यांनी खालच्या पेसिंगचा आकडा होता 3 टक्के. यंत्राने फिब्रिलेशनचे झटकेही नोंदवून ठेवले होते, त्यावरून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. ती गोळी पेसमेकर आहे म्हणून सोडायची नसते.

आता हे नीट ऐका. ज्यांची वाटच तुटलीय, म्हणजे हार्ट ब्लॉक आहे, त्यांना खालचं पेसिंग लागतंच. तुमच्या कागदावर 100 टक्के असेल तर घाबरू नका. फक्त इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयाची ताकद टिकून आहे ना, ते बघायला सांगा.

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जात असाल किंवा खासगीत, तपासणीनंतर प्रिंट मागून घ्या. आणि विचारा: खालचं पेसिंग किती टक्के? माझ्या हृदयाला एवढं लागतं का? फिब्रिलेशनची नोंद आहे का?