डोळे कोरडे पडले, तर तोंडाचीही चौकशी करा

श्रोतेहो, नमस्कार.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, चुरचुरतं, संध्याकाळ झाली की डोळे उघडे ठेवणं नको वाटतं. डोळ्यांच्या दवाखान्यात ही तक्रार रोजचीच. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधं निघतं. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या मिटायच्या राहून जातात, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबतात, नाहीतर ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांमुळे अश्रू कमी होतात. थेंब टाकले, की बरं वाटतं.

पण काही जणांच्या डोळ्यांतलं पाणी आटण्यामागे सबंध शरीरात पसरलेला आजार असतो. त्यांना वर्षानुवर्षं थेंबांच्या बाटल्या मिळत राहतात आणि मूळ आजाराचं नावच निघत नाही. ही गोष्ट मला फार खटकते, कारण अनेकदा दोन-चार प्रश्न विचारले असते तरी संशय यायला पुरे झाले असते.

शोग्रेन सिंड्रोम हे या आजाराचं नाव. यात प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अश्रुग्रंथीत आणि लाळग्रंथीत ठाण मांडतात, आणि ग्रंथी हळूहळू निकामी होतात. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 साली आपल्या प्रबंधात अशा 19 स्त्रियांची हकीकत मांडली. डोळ्यांचा डॉक्टर असूनही त्याने त्यांच्या तोंडाची आणि सांध्यांची दखल घेतली. त्यांतल्या बऱ्याच जणींना संधिवात होता. आजाराला आज त्याचंच नाव आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा कितीतरी पटींनी जास्त दिसतो. कधी तो एकटाच येतो, कधी आमवात किंवा ल्युपस अशा प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजाराच्या जोडीने.

तर प्रश्न कोणते? डोळ्यांचा कोरडेपणा रोजच्या रोज, तीन महिन्यांहून जास्त काळ चाललाय का? कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा लागतात का? तोंडही तितकेच दिवस कोरडं आहे का, कोरडा घास गिळताना पाण्याचा घोट घ्यावाच लागतो का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर पुढची चौकशी झालीच पाहिजे. त्यासोबत मी आणखीही विचारेन: सकाळी बोटं आखडतात का, दात अचानक किडू लागलेत का, कानाखाली गालाशी सूज येते का, विश्रांती घेऊनही थकवा जात नाही का? रडू आलं तरी डोळ्यांतून पाणी येत नाही, असंही काही रुग्ण सांगतात. हे सांगायला लाजू नका आणि फालतू समजून गाळूही नका. तोंडाचा डोळ्यांशी काय संबंध, असं वाटून बरेच जण नेमकं हेच मनात ठेवतात.

अश्रू मोजायची तपासणी अगदी साधी आहे. गाळणकागदाची अरुंद पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवतात. डोळे अलगद मिटून बसायचं. पाच मिनिटांनी पट्टी काढायची आणि ओल किती मिलिमीटर उतरली ते पाहायचं. भूल न देता केलेल्या तपासणीत 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओल भरली, तर अश्रू खरोखरच कमी आहेत असं धरतात. बुबुळावर रंगाचा थेंब टाकला, की इजा झालेल्या जागाही उठून दिसतात.

मग येते रक्ताची तपासणी. अँटी-रो, म्हणजेच एसएसए, ही अँटीबॉडी सापडली तर निदानाला मोठं बळ मिळतं. मात्र ती सापडली नाही म्हणून आजार नाहीच, असं कुणी सांगितलं तर तिथे थांबू नका. बऱ्याच रुग्णांमध्ये ती नसते. अशा वेळी खालच्या ओठाच्या आतून बारीकशा लाळग्रंथींचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे सगळं एकत्र जुळवून अर्थ लावायचं काम संधिवाततज्ज्ञाचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे चिठ्ठी मागून घ्यायला संकोच करू नका, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या.

निदान झालं म्हणून थेंब सुटतात असं नाही. पण लक्ष कुठे ठेवायचं ते कळतं. या रुग्णांमध्ये लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. बहुतेकांना तो होत नाही, पण गालाजवळची सूज उतरेनाशी झाली तर ती लगेच दाखवायला हवी. फुप्फुसं, मूत्रपिंडं, नसा यांनाही झळ लागू शकते.

आणि मूल हवं असणाऱ्या तरुण स्त्रीसाठी तर हे कळणं फारच मोलाचं. अँटी-रो अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा आणते, बहुतेकदा गर्भारपणाच्या 18 ते 25 आठवड्यांच्या सुमारास. आधीच ठाऊक असेल, तर डॉक्टर त्या काळात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून ठोक्यांवर नजर ठेवू शकतात.

नमस्कार.