जुनं बियाणं पेरण्याआधी

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मागच्या हंगामातलं बियाणं घरात उरलंय. पेरावं की टाकावं? आज त्याबद्दल बोलू.

बी नुसतं पडून असलं तरी आतून म्हातारं होत असतं. दमट, गरम जागेत तर फारच लवकर. पेशींभोवतीचं पातळ आवरण झिजतं. असं बी थेट ओल्या मातीत पडलं की आतली साखर आणि क्षार बाहेर पाझरतात आणि त्यावर मातीतली बुरशी पोसते. बियात जीव असतो, तरी ते उगवत नाही. मला खरी हळहळ वाटते ती अशा बियांची, कारण त्यांना वाचवता येतं.

त्या उपायाला प्रायमिंग म्हणतात. ओल मिळाली की बी आधी आपली झीज भरून काढतं, आवरण सांधतं, डीएनए दुरुस्त करतं. मुळी त्यानंतर फुटते. आपण दुरुस्तीपुरतं पाणी द्यायचं आणि मुळी डोकावण्याआधी बी बाहेर काढायचं. मका 12 ते 18 तास भिजवलेला चालतो, हरभऱ्याला 8 तास पुरतात, ज्वारी 10 तासांपुढे नेऊ नका. मग पाणी निथळून सावलीत वरवर सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. भिजवलेलं बी पुन्हा सुकवून ठेवलं तरी फार टिकत नाही. औषध चोळायचं असेल तर भिजवल्यानंतर चोळा.

सोयाबीन मात्र पाण्यात बुडवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याची साल नाजूक असते. पाणी भसकन आत शिरलं की दाणा फाटतो. त्याला ओलसर गोणपाटात हळूहळू ओल घेऊ द्या.

भाजीपाल्याच्या बियांसाठी पोटॅशियम नायट्रेटचं सौम्य द्रावण वापरतात, पण प्रमाण चुकलं तर इजा होते. घरी साधं पाणी बरं.

सगळं बियाणं भिजवण्याआधी चाचणी घ्या. 50 दाणे भिजवलेले आणि 50 कोरडे, दोन ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवा. रोज उघडून मोजा. किती उगवले एवढंच पाहू नका, कोणत्या दिवशी उगवले तेही लिहून ठेवा. भिजवलेले दाणे आधी आणि जोमानं उगवले, तर उपाय लागू पडला. मऊ पडून कुजलेले दाणे मेलेले असतात, ते कशानंही उठणार नाहीत. दोन्ही गोणपाटांत निम्म्याहून जास्त दाणे कुजले, तर ते बियाणं पेरू नका.